मुंबईतील वास्तू व दैनंदिन जीवनाचे छायाचित्रण

मुंबईतील इमारती, रस्ते, बाजार, समुद्रकिनारा आणि नागरिकांचे रोजचे व्यवहार छायाचित्रांतून टिपण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आली आहे. शहराचे रूप सतत पालटत असल्याने ही छायाचित्रे स्थानिक इतिहासाचे महत्त्वाचे साधन मानली जातात.

आरंभ

इ.स. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे ही संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांचा या संस्थेशी संबंध होता. नारायण दाजी स्वतः छायाचित्रकार होते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. तेथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण हे पहिल्या भारतीय व्यावसायिक छायाचित्रकारांपैकी एक होत.

त्या काळी काचेवर ओला रासायनिक लेप देऊन, तो वाळण्यापूर्वीच चित्र घ्यावे लागे. प्रकाशनाचा अवधी बराच मोठा असल्याने चालती माणसे व वाहने पुसट उमटत किंवा मुळीच उमटत नसत. त्यामुळे जुन्या चित्रांतील निर्मनुष्य रस्ते प्रत्यक्षात ओस होते, असे समजणे योग्य नाही.

विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतील विविध समाजांच्या लोकांची चित्रे दोन खंडांत (१८६३ व १८६६) प्रसिद्ध केली. त्यांतील अनेक चित्रांत चित्रशाळेत टिपलेल्या व्यक्ती वेगळ्या पार्श्वभूमीवर जोडलेल्या आहेत. पोशाखाच्या अभ्यासाला ती उपयुक्त असली, तरी रस्त्यावरील जीवनाचा थेट पुरावा ठरत नाहीत.

वास्तूंची नोंद

१८६० च्या दशकात गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत किल्ल्याचा तट पाडण्यात आला. पुढे त्या परिसरात राजाबाई मनोरा (१८७८) यांसारख्या भव्य वास्तू उभ्या राहिल्या. बोरीबंदरचे रेल्वेस्थानक, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, १८८८ मध्ये पूर्ण झाले व २००४ मध्ये जागतिक वारसा ठरले. ओव्हल मैदान व मरीन ड्राइव्ह परिसरातील व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूहाला २०१८ मध्ये तोच दर्जा मिळाला. अशा वास्तूंची डागडुजी करताना मूळ खिडक्या, नक्षी व छपरे कशी होती, हे ठरविण्यास जुनी छायाचित्रे उपयोगी पडतात.

दैनंदिन जीवन

१८९६-९७ च्या प्लेगच्या साथीत घरांची तपासणी, निर्जंतुकीकरण व रुग्णालये यांची छायाचित्रे घेण्यात आली. त्यांत सामान्य वस्त्या दिसतात, परंतु प्रामुख्याने सरकारी यंत्रणेच्या नजरेतून. विसाव्या शतकात लहान कॅमेरे आल्यावर ही दृष्टी बदलली. होमाई व्यारावाला यांनी १९३० च्या दशकात मुंबईतील साधे प्रसंग टिपले. त्यांची आरंभीची काही चित्रे पतीच्या नावाने छापली गेली. रघुबीर सिंह यांनी रंगीत छायाचित्रांतून शहराचे दर्शन घडविले (१९९४). सुधारक ओलवे यांनी महानगरपालिकेच्या सफाई कामगारांचे कष्टप्रद जीवन दीर्घकाळ चित्रित केले. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री देण्यात आली.

१९८२ च्या संपानंतर गिरणगावातील गिरण्या क्रमाने बंद पडल्या आणि त्यांपैकी अनेकींच्या जागी उंच इमारती आल्या. चाळींचेही पुनर्वसन होत आहे. प्रसिद्ध वास्तूंची चित्रे विपुल असली, तरी खानावळ, चाळीची गॅलरी, सार्वजनिक नळ यांची चित्रे पुष्कळदा कौटुंबिक संग्रहांतच आढळतात. असा संग्रह नष्ट झाल्यास त्या जागेची एकमेव दृश्य नोंदही नाहीशी होऊ शकते.

जतन व कायदा

दमट, खारी हवा आणि पावसाळ्यातील बुरशी यांमुळे छायाप्रती व निगेटिव्ह लवकर खराब होतात. त्या कोरड्या जागी, आम्लरहित कागदात ठेवणे हितकारक असते. ठिकाण, दिनांक व छायाचित्रकाराचे नाव यांची नोंद नसल्यास चित्राचे पुरावामूल्य घटते.

भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ मधील कलम ५२ नुसार इमारतीचे छायाचित्र घेणे वा प्रसिद्ध करणे हा त्या वास्तुरचनेच्या प्रताधिकाराचा भंग ठरत नाही. मात्र दुसऱ्याने घेतलेल्या छायाचित्राचा प्रताधिकार स्वतंत्र असतो. तसेच संरक्षणदृष्ट्या प्रतिबंधित स्थळांना शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ मधील निर्बंध लागू होतात.