पुण्यातील हॉटेलांचे पत्ते : कोण कुठे बसले आणि का हलले

शहरात नवे हॉटेल उघडले की आपला पहिला प्रश्न असतो, 'कुठे?' आणि दुसरा, 'काय मिळते?' खवय्याला दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने पहिल्यापाशी अधिक रेंगाळावे. उपाहारगृह कोणत्या पेठेत निघाले, नदीच्या अलीकडे की पलीकडे, यावरून त्या काळी कोण कोणाशेजारी बसून खाऊ शकत होते, याचा बराच अंदाज बांधता येतो. आजचा थ्रेड पुण्यातील अशा काही पत्त्यांविषयी.

(मराठीत 'हॉटेल' हा शब्द मुक्कामापेक्षा चहा-फराळासाठीच अधिक रुळला आहे. इथेही तो त्याच अर्थाने घ्यावा.)

१९०१ च्या जनगणनेत लष्करी छावणी धरून पुण्याची वस्ती सुमारे दीड लाख होती. आजच्या मापाने हे मध्यम शहरही नव्हे. शिवाय ते एक शहर नव्हतेच. एकीकडे पेशवाईतल्या पेठा होत्या आणि दुसरीकडे १८१८ नंतर वसत गेलेली छावणी, म्हणजे आपले 'लष्कर' किंवा कॅम्प. १८५८ मध्ये रेल्वे आली आणि स्टेशनही पेठांपासून दूर, छावणीच्या अंगाला पडले. साहेब, शिपाई, पारशी, बोहरी, गोवेकर आणि प्रवासी अशी सरमिसळ असल्याने पैसे देऊन बाहेर खाण्याची सोय आधी तिथेच उभी राहिली. आजही नाव टिकवून असलेले 'दोराबजी अँड सन्स' १८७८ चे आणि तेही लष्करातलेच, हा योगायोग नव्हे.

पेठांमध्ये याच काळात बाहेरगावचा विद्यार्थी कसा जेवत असे? वार लावून, म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. किंवा मधुकरी मागून. ज्याला परवडे तो खानावळ धरी. पण खानावळही बहुधा जातीची असे. स्वयंपाक कोणाच्या हातचा आणि पंक्तीला कोण, या दोन प्रश्नांची उत्तरे आधीच ठरलेली असत.

ही उत्तरे मोडली तर काय होते, ते १८९० मध्ये साऱ्या पुण्याने पाहिले. गुरुवार पेठेतील पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. गोपाळराव जोशी यांनी (होय, आनंदीबाईंचे पती) उपस्थितांची नावे 'पुणे वैभव' पत्रातून उघड केली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, ग्रामण्य माजले, आणि सुधारक रानडे व जहाल टिळक या दोघांनाही प्रायश्चित्ताच्या वाटेने जावे लागले. हा प्रसंग बहुधा गमतीने सांगितला जातो. मला तो गमतीचा वाटत नाही. कपातल्या पदार्थाशी कोणाचे भांडण नव्हते. चहा कोणाच्या छपराखाली, कोणाच्या हातचा आणि कोणाच्या सोबतीने घेतला, हा आक्षेपाचा गाभा होता. जिथे उच्च न्यायालयात न्यायाधीश होऊ घातलेल्या माणसालाही एका पेल्याचा हिशेब द्यावा लागतो, तिथे भर पेठेत सर्वांसाठी चहाचे दुकान काढायला कोण धजावणार?

यावर पुण्याने काढलेला तोडगा मोठा चतुर आहे. पेठांत चहा आला तो 'अमृततुल्य' होऊन. राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांनी ही दुकाने चालवली. सोन्या मारुती चौकाजवळील 'आद्य अमृततुल्य' १९२४ चे. पितळी पातेले, समोरच कुटलेले आले-वेलदोडा आणि दुकानाला बहुतेक वेळा देवादिकांचे नाव. चहा बाहेरचाच, पण करणारा हात ब्राह्मणाचा. पंक्तीचा नियम मोडला नाही. त्याला बगल दिली गेली. अमृततुल्याची चव हा पुणेकरांच्या अभिमानाचा विषय आहे आणि ती चव खरीच आहे, परंतु पेठांनी त्याला इतक्या सहज आत का घेतले, याचे उत्तर वेलदोड्यात शोधू नये.

याच प्रश्नाला थेट भिडणारे उत्तर जवळपास त्याच सुमारास पुण्याच्या दक्षिणेला, संस्थानी कोल्हापुरात दिले गेले. गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पदरचे महार समाजातील सेवक. वरिष्ठ जातीच्या नोकरांसाठीच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना बेदम मार बसला. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि गंगारामांना चहाचे हॉटेल काढायला साहाय्य केले. हॉटेलाचे नाव 'सत्यसुधारक', आणि पत्ता भाऊसिंगजी रोड, म्हणजे गावकुसाबाहेरची गल्ली नव्हे, तर भर रहदारीचा रस्ता. सुरुवातीला गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घेऊ लागले आणि सोबतच्या मानकऱ्यांनाही पाजू लागले. छत्रपतींच्या हाती तोच कप पाहिल्यावर विटाळाचे कारण कोण पुढे करणार? सत्तेचा इतका नेमका उपयोग क्वचितच झाला असेल. पुण्याच्या पेठांना असा राजा नव्हता. तिथे बदल आला तो नदी ओलांडून.

फर्ग्युसन महाविद्यालय १८९५ मध्ये शहराबाहेरच्या आजच्या जागी गेले. १९०६ मध्ये डेक्कन जिमखाना स्थापन झाला आणि लकडी पुलापलीकडे बंगल्यांची नवी वस्ती वाढू लागली. १९३३ मध्ये 'प्रभात'चा पसारा कोल्हापुरातून पुण्यात आला, तोही याच बाजूला. विद्यार्थी, प्राध्यापक, नट, तंत्रज्ञ अशा घरापासून तुटलेल्या आणि वेळी-अवेळी भूक लागणाऱ्या लोकांची ही वस्ती. तिथे जुनी आळी नव्हती, त्यामुळे कोण कुठे शिरतो यावर डोळा ठेवणारे ओटेही नव्हते.

इराणी हॉटेलवाल्याने हे अचूक हेरले. १९३५ मध्ये डेक्कनच्या कोपऱ्यावर 'कॅफे गुडलक' सुरू झाले. इराण्यांना कोपऱ्याच्या जागा मिळत, कारण हिंदू व्यापारी त्या अशुभ मानत, ही कथा तुम्ही ऐकलीच असेल. असेलही तसे काही. पण कोपऱ्याला दोन रस्त्यांचे गिऱ्हाईक, दोन बाजूंचा उजेड आणि दुरून दिसणारी पाटी मिळते, हे कळायला शकुनशास्त्र लागत नाही. महत्त्वाचे हे की त्या संगमरवरी टेबलावर कोण येऊन बसेल, हे टेबलाचा मालक ठरवत नव्हता. पुढे चौकालाच हॉटेलाचे नाव पडले.

त्याच १९३५ मध्ये, नदीच्या अलीकडे लक्ष्मी रस्त्यावर, मूकपटांचे दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी 'पूना गेस्ट हाऊस' काढले. पेठांच्या ऐन मध्यावर नाटक-सिनेमाच्या मंडळींचा तो अड्डा झाला. थोडक्यात, भिंतीला आतूनही भोके पडत होती.

मग २६ जानेवारी १९५०. संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदातील दुसरे कलम दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नावानिशी उल्लेख करून तिथल्या प्रवेशासाठी धर्म, जात, लिंग यांवरून आडकाठी करण्यास मनाई करते. मूलभूत हक्कांच्या यादीत हॉटेलाला जागा मिळाली, याचे पुष्कळांना नवल वाटते. वरचे सगळे वाचल्यावर वाटू नये.

पन्नाशीच्या दशकात दक्षिणेकडचे लोक आले. फर्ग्युसन रस्त्यावरील 'रूपाली' आणि 'वैशाली' ही आज अस्सल पुणेरी वाटणारी नावे. सुरुवातीच्या पाट्यांवर मात्र 'मद्रास' होते. जगन्नाथ शेट्टी यांच्यासारखी तुळू मुलखातून आलेली माणसे इडली-डोसा घेऊन आली आणि दोन पिढ्यांत शहराच्या आठवणींचा भाग झाली.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले. नदीकाठच्या पेठांतील वाडे कोसळले, आणि हजारो कुटुंबे लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर अशा नव्या वसाहतींत गेली. गिऱ्हाईक हलले, आणि त्यामागोमाग खाण्याच्या जागाही पसरल्या.

तरीही पेठांतील आणि कॅम्पातील अनेक जुनी हॉटेले जागची हलली नाहीत. याचे श्रेय आपण मालकाच्या निष्ठेला देतो. थोडे १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यालाही द्यायला हवे. भाडे गोठले, भाडेकरू टिकला, म्हणून स्वस्त चहा टिकला. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने बँका आणि एक कोटी रुपये वा अधिक भरणा झालेले भांडवल असलेल्या कंपन्या यांना दिलेल्या जागा या संरक्षणातून वगळल्या. घरमालकाला बाजारभावाने भाडे देणारे असे भाडेकरू कोणाला नको असतील? मोक्याच्या कोपऱ्यांवर बँका आणि साखळी दुकाने का दिसू लागली, याचे एक कारण इथे सापडते.

आजचे नवे रेस्टॉरंट बहुधा 'लिव्ह अँड लायसन्स'वर उभे असते. करार संपला, भाडे वाढले, की कोरेगाव पार्कातून बाणेरला, बाणेरहून हिंजवडीच्या दिशेने. चौकाला नाव पडावे इतका काळ त्यांतील फार थोडी एका जागी राहतील. पाट्यांवरून जातीचा उल्लेख गेला. 'शुद्ध शाकाहारी'मधला पहिला शब्द मात्र अजून तसाच आहे, आणि नव्या उपनगरांत तो पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतो.