झुकझुक कोण करतं?

मूर्तिजापूरहून यवतमाळला जाणारी शकुंतला वाशिम जिल्ह्यातल्या कारंज्याला थांबे. रूळ अवघे अडीच फुटी. परगावच्या पाहुण्याला ती खेळण्यातलीच वाटायची. १९२१ साली मँचेस्टरात घडलेलं वाफेचं इंजिन तिला १९९४ पर्यंत ओढत होतं. मग डिझेल आलं, आणि आता तर गाडीच बंद आहे.

खऱ्या खेळण्यांचे नखरे याहून मोठे! एकोणिसाव्या शतकात विलायतेत पितळी इंजिनं स्पिरिटच्या दिव्यावर वाफ करून दिवाणखान्यात धावत आणि मागे पाण्याची रेघ सोडत. त्यांचं नावच ‘लाळगळी’ पडलं. जर्मनीच्या मेर्कलिन कंपनीनं १८९१ साली चावीची गाडी रुळांसकट विकायला काढली. पुढे वीज आली.

आमच्याकडे कुठलं स्पिरिट अन् कुठली चावी! चार पोरं, पुढच्याच्या सदऱ्याचं टोक, मुठीत शेंगदाणे-गूळ, सुटली गाडी.

गंमत म्हणजे, शकुंतलेची वाफेची शिटी ऐकलेलं एकही पोर आज कारंज्यात नसणार. डिझेल काही झुकझुक करत नाही. तरी गल्लीतली गाडी अजून ‘झुकझुक, कूऽऽ’ असंच करते. कुणी शिकवलं? आधीच्या पोरांनी! जुनं इंजिन चालू आहे म्हणायचं, नुसतं तोंडानं.