व्हायब्रेटो टेलपीस आणि गिटारची स्वरशुद्धी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

तारांचा ताण क्षणभर सैल वा घट्ट करून स्वराला हेलकावे देणारे व्हायब्रेटो टेलपीस हे विद्युत गिटारचे एक महत्त्वाचे अंग होय. परंतु ते बसविल्यानंतर वाद्य बेसूर वाजते, ही तक्रारही जुनीच आहे. या तक्रारीमागील कारणे व तिचे निराकरण यांचा ऐतिहासिक क्रमाने विचार करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

समस्येचे स्वरूप :

येथे दोन दोषांत भेद करणे आवश्यक आहे. दांडा सोडल्यावर मोकळी तार मूळ स्वरावर न परतणे हा पहिला दोष. तो मुख्यतः घर्षणातून उद्भवतो. मोकळी तार सुरात असूनही पडद्यावर दाबताच स्वर चढा किंवा उतरा लागणे हा दुसरा. तार दाबली की तिचा ताण वाढतो व स्वर किंचित चढतो. म्हणून घोडी गणिती स्थानापेक्षा थोडी मागे ठेवून त्याची भरपाई करावी लागते. फुगीर माथ्याच्या अनेक गिटारींवर घोडी चिकटवलेली नसते. ती केवळ तारांच्या दाबाने जागेवर राहते. टेलपीस बदलण्यासाठी सर्व तारा काढल्या की घोडी सरकते आणि ही भरपाई नाहीशी होते. दोष नव्या यंत्राचा वाटला, तरी पुष्कळदा तो घोडीच्या हरवलेल्या जागेचा असतो.

ऐतिहासिक आढावा :

अमेरिकेत डॉक कॉफमन यांच्या व्हायब्रोला या साधनाला १९३२ मध्ये पेटंट मिळाले. मर्ल ट्रॅव्हिस यांच्या गिटारवरील व्हायब्रोला स्वर टिकवत नसल्याने त्यांनी ते पॉल बिग्सबी यांना दाखविले. त्यातून १९५० च्या दशकारंभी बिग्सबींचे स्वतंत्र टेलपीस तयार झाले. त्याने पहिला दोष पुष्कळ कमी केला. दुसऱ्याचे उत्तर मात्र घोडीतच शोधावे लागले.

१९५४ मध्ये अशी दोन उत्तरे बाजारात आली. गिब्सन कंपनीच्या ट्यून-ओ-मॅटिक घोडीत प्रत्येक तारेचे सॅडल स्क्रूने पुढेमागे सरकविण्याची सोय होती. लिओ फेंडर यांच्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये घोडी व टेलपीस एकत्र आले. तेथेही सहा तारांना सहा स्वतंत्र सॅडल होते. मात्र ही घोडी स्प्रिंगांच्या ताणावर तोललेली असल्याने तारांची जाडी बदलताच तिचा कल बदलतो व स्वरशुद्धी पुन्हा तपासावी लागते.

१९६० च्या दशकात हलक्या तारा रुळल्या व तिसरी तार वेटोळ्याऐवजी साधी वापरली जाऊ लागली. साध्या तारेला अधिक भरपाई लागते. परिणामी वेटोळ्याच्या तारेसाठी घडविलेल्या अखंड घोड्यांवर ती चढी लागू लागली. काहीही न मोडता योग्य घोडी अयोग्य ठरली. फ्लॉइड रोज यांना १९७९ मध्ये मिळालेल्या पेटंटमधील रचनेत तारा आवळून धरण्याची योजना होती. त्यामुळे घर्षणाचा प्रश्न बव्हंशी सुटला, परंतु सॅडलची जागा ठरविण्याचे काम टळले नाही.

निराकरणाची पद्धती :

प्रथम नव्या तारा चढवून मानेचा बाक व तारांची उंची ठीक करावी. मग बाराव्या पडद्यावर हलक्या स्पर्शाने निघणारा स्वर व त्याच पडद्यावर तार दाबून निघणारा स्वर यांची तुलना करावी. दाबलेला स्वर चढा असल्यास सॅडल मागे व उतरा असल्यास पुढे घ्यावे. प्रत्येक वेळी तार पुन्हा सुरात लावावी. घोडी अखंड असल्यास दोन्ही कडेच्या तारांच्या आधारे तिची जागा निश्चित करावी. त्यानंतर दांडा वापरून घोडी सरकत नाही ना, हे पाहावे.

निष्कर्ष :

टेलपीसचा इतिहास सामान्यतः संशोधक व पेटंट यांच्या नावे सांगितला जातो. वरील विवेचनावरून असे दिसते की, प्रत्येक नव्या रचनेबरोबर स्वर जुळविण्याचे काम वादकाकडे आणि दुरुस्ती करणाऱ्या कारागिराकडे नव्याने आले. तार हलली पाहिजे आणि तिची लांबी मात्र ठरलेली राहिली पाहिजे, या परस्परविरोधी अपेक्षांचा मेळ शेवटी त्यांच्याच कानांनी घातला. वाद्यांच्या इतिहासलेखनात या अनामिक श्रमांची नोंद झाल्याखेरीज तो इतिहास पूर्ण होणार नाही.