श्राव्यातीत ध्वनी आणि सूक्ष्म सजीव : एका प्रयोगपरंपरेचा इतिहास

श्राव्यातीत ध्वनीचा सजीवांशी आलेला आरंभीचा संबंध संहाराचा होता. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा वेध घेण्यासाठी पॉल लांजव्हँ यांनी फ्रान्समधील तुलाँ येथे प्रयोग केले, तेव्हा ध्वनिझोतात सापडलेले मासे मरताना दिसले. त्या प्रयोगांची माहिती असलेल्या रॉबर्ट वूड यांनी आल्फ्रेड लूमिस यांच्यासह १९२७ साली निबंध प्रसिद्ध केला. लहान मासे व बेडूक मरतात, तांबड्या रक्तपेशी फुटतात, अशा नोंदी त्यात आहेत.

भारतात १९३५-३६ मध्ये सी. व्ही. रामन व नागेंद्र नाथ यांनी बंगळुरू येथे अशा तरंगांमुळे होणाऱ्या प्रकाशविवर्तनाचा सिद्धांत मांडला. पुढे आपल्याकडील अभ्यास बव्हंशी द्रवांचे गुणधर्म मोजण्यात रमला. नांदेड-लातूरच्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यास परिचित असलेले अल्ट्रासॉनिक इंटरफेरोमीटर हे त्याच परंपरेतले. क्वार्ट्झचा स्फटिक आणि परावर्तक चकती यांमधील द्रवात स्थिर तरंग निर्माण होतो. वारंवारता २ मेगाहर्ट्झ असल्यास पाण्यात अर्धी तरंगलांबी सुमारे ०.३७ मिलिमीटर भरते. विद्यार्थी ही अंतरे मोजतो, वेग काढतो आणि द्रव ओतून देतो.

वस्तुतः याच स्थिर तरंगात पाण्याहून किंचित घन असलेली पेशी दाबाच्या निस्पंदाकडे ढकलली जाते. लंडन येथे मेरी डायसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली कोंबडीच्या भ्रूणातील रक्तवाहिन्यांत हे पाहिले. रक्तपेशी अर्ध्या तरंगलांबीच्या अंतराने पट्ट्यापट्ट्यांनी थबकल्या. ध्वनी थांबताच प्रवाह बहुधा पुन्हा सुरू होई. प्रस्तुत लेखकाच्या मते संहाराकडून हाताळणीकडे वळण्याचा खरा क्षण हाच, जरी तेव्हा त्याकडे उपचारातील धोका म्हणून पाहिले गेले.

सूक्ष्मप्रवाही उपकरणांत, म्हणजे केसाएवढ्या रुंदीच्या नलिकांत, स्वीडनमधील लुंड येथे थॉमस लॉरेल यांच्या गटाने पेशी वेगळ्या करण्यासाठी हा गुण वापरला. २०१२ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात टोनी हुआंग यांच्या गटाने पृष्ठीय ध्वनितरंगांनी सुमारे १ मिलिमीटर लांबीचा जिवंत सूत्रकृमी धरून ठेवला, ताणला व हलविला.

हळद व केळीच्या मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींची पिल्ले साधारण ०.४ मिलिमीटर लांबीची असतात. नांदेडच्या अर्धापूर भागात ही दोन्ही पिके होतात. मातीतून हे कृमी आजही प्रामुख्याने चाळणीने व कागदी गाळणीने वेगळे करतात.