आलीचा लाल
सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारी जुनी वाट नवापूर, नंदुरबार, थाळनेर करत जायची. सतराव्या शतकात ताव्हेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या त्या वाटेने गेला. नवापूर हे विणकरांनी भरलेलं मोठं गाव, अशी नोंद त्याने केली. बुऱ्हाणपूरचं तलम, रंगीत, फुलाफुलांचं कापड इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जातं, हेही त्याने लिहिलं. मी कळसाडी गावात झाडपाल्याचे रंग करते आणि त्यांनीच चित्रं काढते. हे कुठून शिकलीस, असं कुणी विचारलं की मी त्या वाटेवरच्या रंगाऱ्यांचं नाव घेते.

त्यांचा लाल रंग आलीचा. बारतोंडी म्हणून आपण ओळखतो तीच ही आल. खानदेश, वऱ्हाड, माळव्यात तिची शेती होती. पेरल्यावर तिसऱ्या-चौथ्या वर्षी मुळ्या खणायच्या. जाड मुळीत नुसतं लाकूड. रंग बारीक मुळीच्या सालीत, म्हणून भावही तिलाच. पण खरी करामत कापडाच्या तयारीत होती. आधी ते तेलात आणि खारात पुन्हा पुन्हा भिजवून वाळवायचं, मग हिरड्याचं पाणी, मग तुरटी, आणि त्यानंतर आलीचा काढा, तोही मंद आचेवर. तुरटीशिवाय आलीचा लाल उठत नाही. तुरटीऐवजी लोखंडाचा काट वापरला तर तीच मुळी काळपट जांभळी छटा देते. या रंगात बुडवलेलं जाडंभरडं कापड म्हणजे खारवा. गाद्या, पडदे, व्यापाऱ्यांच्या चोपड्यांची बांधणी, सगळीकडे तो असायचा.

१८६८ मध्ये बर्लिनला ग्रेबे आणि लीबरमान यांनी डांबरातून निघणाऱ्या पदार्थापासून अलिझरीन केलं. युरोपातल्या मंजिष्ठेच्या मुळीत असतं तेच हे लाल द्रव्य. पुढच्या वर्षी जर्मनांनी लंडनमध्ये पेटंटचा अर्ज केला २५ जूनला, इंग्रज पर्किनने २६ जूनला. एवढी घाई होती, कारण लाल रंगात पैसा होता. ती पुडी आपल्या बाजारात आली, आणि तीन-चार वर्षं जमीन अडवणाऱ्या आलीला कोण विचारणार? १८९७ पासून जर्मन कारखान्याची नीळही विकायला आली, आणि निळीची शेती त्याच वाटेने गेली. रंगाऱ्यांनी कला सोडली, असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. त्यांना पोट होतं.

कापडाचा रंग चित्राला तसाच चालत नाही. आलीच्या काढ्यात तुरटी विरघळवायची, मग थोडा थोडा पापडखार सोडायचा. भांडं फसफसतं, आणि रंग गाळ होऊन तळाशी बसतो. तो धुवायचा, वाळवायचा, खलायचा, धावड्याच्या डिंकाच्या पाण्यात घोटायचा. धावडा आपल्या सातपुड्यातलाच. काळा रंग तिळाच्या तेलाच्या काजळीचा. पळसाच्या फुलांचा पिवळा फार गोड दिसतो, पण उन्हात टिकत नाही. विकत घेणाऱ्याला मी हे आधीच सांगते. अजिंठ्याच्या चित्रकारांना बहुधा हे ठाऊक असावं. त्यांचे तांबडे, पिवळे, हिरवे रंग मातीचे आहेत, झाडांचे नाहीत. निळा तर अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडाचा. म्हणून भिंतीसाठी मी गेरूच घेते, आणि आल कागदासाठी राखून ठेवते.

आता शहरांतून नैसर्गिक रंगांना मागणी आहे, आणि मला धास्ती तिचीच वाटते. मुळी काढली की झाड संपतं. साल ओरबाडली तरी झाड वाळतं. होळीत अंगभर राखेची नक्षी काढून नाचणाऱ्या आपल्या बुध्यांना रंगासाठी एकही झाड मारावं लागत नाही. जुने रंगारीही आलीसाठी जंगलावर जगत नव्हते. ती शेतात पेरली जायची, म्हणून तो धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालला. आज झाडांचे रंग म्हणून जे विकलं जातं, त्यात हा भाग बहुतेक वेळा गाळलेला असतो.

तेव्हा रंग करायची इच्छा असणाऱ्यांनी आधी लावणी करावी. आल चिवट आहे, बांधावरही येते; पिकलेल्या फळातलं बी धुऊन पावसाच्या तोंडाशी टाकावं. आणि पहिली तीन वर्षं तिच्या मुळांना हात लावू नये.