सालाझार : जमाखर्चाचा प्राध्यापक

अर्थतज्ज्ञ माणूस देश चांगला चालवतो का, हा वाद २००४ साली डॉ. मनमोहन सिंग पंतप्रधान झाले तेव्हा आपल्याकडे बराच रंगला होता. आम्हां गोंयकारांना त्या वेळी सालाझार आठवायला हवा होता. १९३२ ते १९६१ अशी एकोणतीस वर्षं आपल्यावर एका अर्थशास्त्राच्या प्राध्यापकानंच राज्य केलं आहे.

सालाझार कोइंब्रा विद्यापीठात शिकवायचा. १९२६ च्या लष्करी उठावानंतर त्याला अर्थमंत्री केलं, पण हवे ते अधिकार मिळेनात म्हणून थोड्याच दिवसांत तो परत वर्गात गेला. एप्रिल १९२८ मध्ये पुन्हा बोलावणं आलं तेव्हा त्यानं अट घातली की, कुठल्याही खात्याचा खर्च माझ्या मंजुरीशिवाय होणार नाही. (वित्त खात्याच्या नकारात काय ताकद असते ते सरकारी कचेरीत बसणाऱ्यांना वेगळं सांगायला नको!) वर्षानुवर्षं तुटीत चाललेलं अंदाजपत्रक वर्षभरात शिलकीत आलं. हे श्रेय त्याचंच, ते नाकारण्यात अर्थ नाही.

पण खर्चाला 'नाही' म्हणणारा हा माणूस १९३२ मध्ये पंतप्रधान झाला आणि त्याला 'नाही' म्हणणारं कुणीच उरलं नाही. विरोधी पक्ष नाहीत, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, मागे गुप्त पोलीस. मनमोहन सिंगांना संसदेत उत्तरं द्यावी लागत, मित्रपक्षांची मनधरणी करावी लागे. माझ्या मते दोघांतला खरा फरक हाच. अर्थशास्त्र दोघांनाही येत होतं. लिस्बनच्या तिजोरीत सोनं साठत गेलं, आणि १९७० साली, म्हणजे सालाझार वारला त्या वर्षी, पोर्तुगालमध्ये चारांतला एक माणूस निरक्षर होता. ६० च्या दशकात तिथले लाखो लोक मजुरीसाठी फ्रान्सला गेले.

गोव्याच्या बाबतीत तर त्यानं हिशेबाची वही मिटूनच ठेवली. १८ जून १९४६ ला मडगावात लोहियांनी सभेवरची बंदी मोडली, त्यानंतर कितीतरी गोंयकार तुरुंगात गेले, टी. बी. कुन्हांना थेट पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात डांबलं. १९५५ च्या नाकेबंदीनंतर बटाटे हॉलंडहून येऊ लागले. इतक्या लांबून बटाटे आणणं परवडतं का, हे त्या प्राध्यापकाला कुणी विचारणार नव्हतं.

डिसेंबर १९६१ मध्ये त्यानं गव्हर्नर जनरल व्हासालु इ सिल्व्हा यांना कळवलं की शरणागती नाही, सैनिक एक तर जिंकतील नाही तर मरतील. हाताशी फौज तीन-साडेतीन हजारांची, तीही अपुऱ्या शस्त्रांची. व्हासालु इ सिल्व्हांनी हुकूम मोडला आणि १९ डिसेंबरला शरणागती पत्करली. पणजी वाचली, त्यांचे शिपाईही वाचले. मायदेशी परतल्यावर मात्र त्यांना सैन्यातून काढून टाकण्यात आलं. सालाझारच्या पश्चात, १९७४ च्या क्रांतीनंतर, त्यांचा हुद्दा त्यांना परत मिळाला. त्याच वर्षाच्या अखेरीस पोर्तुगालनं गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं.