कोंबडा आजारी आहे हे कसं ओळखायचं? घरी काय करायचं, डॉक्टरांना कधी बोलवायचं?

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात अनेक घरांच्या अंगणात गावरान कोंबड्या असतात. कोंबडा आरवायचा थांबला, दाणे टिपेना, पंख पाडून कोपऱ्यात बसला, तर तो आजारी आहे असं समजा. पहिलं काम म्हणजे त्याला इतर कोंबड्यांपासून वेगळं ठेवणं.

मानमोडी (राणीखेत)
हिरवट पातळ विष्ठा, श्वासाची घरघर, लुळे पडलेले पाय आणि पिळवटलेली मान ही लक्षणं. हा विषाणूजन्य रोग आहे. त्यामुळे अँटिबायोटिक देऊन तो बरा होत नाही. लस हाच उपाय. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात देतात. सहा ते आठ आठवड्यांची झाल्यावर आर-टू-बी लस टोचतात.

देवी
तुरा, गलोल आणि डोळ्यांभोवती फोड येऊन खपल्या धरतात. डासांमुळे रोग पसरतो, म्हणून खुराड्याजवळ पाणी साचू देऊ नका. खपल्या ओढून काढू नका. बहुतेक पक्षी काही आठवड्यांत बरे होतात. मात्र तोंडात पिवळसर थर दिसला, तर डॉक्टरांना दाखवा.

जंत आणि पायाची खरूज
खाऊनही वजन घटतं, छातीचं हाड हाताला टोचतं आणि तुरा फिका पडतो, तेव्हा जंतांची शक्यता असते. जंतनाशकाची मात्रा डॉक्टरांना विचारूनच द्या. पायावरचे खवले उचलले गेले असतील, तर ते बारीक किड्यांचं काम असतं. पाय कोमट साबणाच्या पाण्यानं धुऊन व्हॅसलीन लावा. काही दिवसांनी पुन्हा लावत राहा.

एकाच वेळी अनेक कोंबड्या मेल्या तर?
हे मानमोडीमुळे होऊ शकतं, तसंच बर्ड फ्लूमुळेही. लक्षणांवरून फरक सांगता येत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेत तपासणी लागते. भारतात पाळीव कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू पहिल्यांदा आढळला तो 2006 मध्ये, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात. जानेवारी 2021 मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या दगावल्या आणि तपासणीत बर्ड फ्लूच निघाला.

अशा वेळी:
- मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हातानं शिवू नका, ते नाल्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका.
- आजारी कोंबडा कापू नका, बाजारात विकू नका.
- जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा किंवा 1962 या क्रमांकावर फोन करा.